चौथा नंबर हवा

डोन्या ताटिकाच्या कढईत मासा तडतडत होता. शेजारच्या परातीत तळून झालेले चारपाच मासे ऐटीत पडले होते. तरी मान वर न करता ती म्हणाली, "मासा संपला."

"मग परातीत काय आहे?" एरिदानियानं विचारलं.

"ते दुसऱ्यांचं आहे."

"दुसरे कोण?"

"जे माणसं विकत नाहीत ते."

एरिदानिया फेलिस हसली आणि स्टेडियमच्या फाटकातून आत गेली. रोजचंच होतं हे. माशांच्या हातगाडीच्या खांबाला संत अंतोनियोची छोटी मूर्ती डोकं खाली पाय वर अशी टांगलेली होती, तीही रोजचीच. बाराओनात हरवलेलं माणूस परत हवं असलं की बायका अंतोनियोला उलटा टांगतात आणि मागणं पुरं होईपर्यंत सरळ करत नाहीत. डोन्या ताटिकाचं हरवलेलं माणूस म्हणजे तिचा मुलगा किल्वियो. आणि तो कुणी हरवला, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

किल्वियो मेद्रानो हा बेसबॉलमधला पिचर, शेवटच्या डावात चेंडू टाकायला येऊन सामना राखणारा. अमेरिकेत बरीच वर्षं मोठ्या संघांत खेळला, नाव कमावलं, पण हिवाळा आला की न चुकता घरी यायचा आणि बाराओनाच्या पेलिकन संघाकडून खेळायचा. आता चाळिशी गाठली होती, अमेरिकेनं नारळ दिला होता, तरी गावासाठी त्याचा हात चालू होता. हा बहुधा त्याचा शेवटचा हंगाम. आणि पेलिकन संघाची सगळी सूत्रं जिच्या हाती, त्या एरिदानियानं ऐन नोव्हेंबरात त्याला उचलून हिग्वेयच्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात घेतलं काय, तर येरेमी नावाचं वीस वर्षांचं एक हडकुळं पोर. दोन बेसांच्या मध्ये उभं राहून चेंडू अडवायचं, आणि पळायचं मात्र वाऱ्यासारखं.

गावानं मग काय काय केलं ते विचारू नका. रेडिओवर सकाळी सातला शिव्या सुरू व्हायच्या, त्या जाहिरातींपुरत्या थांबायच्या. न्हाव्यानं एरिदानियाच्या नवऱ्याची अर्धीच दाढी केली आणि वस्तरा हातात धरून विचारलं, "तुमच्या बायकोला झालंय तरी काय?" बिचाऱ्याला उरलेल्या अर्ध्या गालासाठी माफी मागावी लागली.

एरिदानियाला काही झालं नव्हतं. उलट इतकी खूश ती कित्येक वर्षांत नव्हती.

तिचा विचार असा. संघ सहा. त्यांतले चार पुढच्या फेरीत जातात, दोन घरी. घरी गेलेल्या दोघांचे खेळाडू उरलेले चौघे वाटून घेतात, आणि पहिली निवड मिळते चौथ्या नंबरवाल्याला. हा नियम श्रीमंत संघांनी गरिबांवरची दया म्हणून केला होता. गरीब माणूस दयेचासुद्धा नीट अभ्यास करतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. एरिदानियानं केला. हिग्वेयचा संघ तेव्हा पाचवा होता आणि एक राखणदार मिळाला की आपण वर जाऊ अशा भ्रमात होता. ती मनाशी म्हणाली, राखणदार घ्या, पण राखायला पीक कुठंय तुमच्या शेतात? हे काही वर जात नाहीत. हे बाहेर पडले आणि आपण बरोबर चौथे आलो, की पहिली निवड आपली, किल्वियो परत आपल्या घरी, आणि पोरगंही आपलंच. इथं एकदा खेळाडूचा हक्क मिळाला की तो कायमचा. म्हणजे आजचं जेवण ताटात आणि उद्याचं बियाणं कोठीत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं लोक म्हणतात. एरिदानियाचं म्हणणं, तसं करणाऱ्या बाराओनानं सव्वीस वर्षं पाय दुमडून काढली. त्या सव्वीस वर्षांत एक चषक नाही. कधी सगळी तरुण पोरं विकून म्हाताऱ्यांच्या जिवावर जिंकायला गेले आणि उपांत्य फेरीत आपटले. कधी म्हाताऱ्यांना हाकलून पोरं वाढवली, ती मोठी झाल्यावर अमेरिकेनं नेली आणि हिवाळ्यात इकडे फिरकू दिली नाहीत. "केळ्यासारखं आहे," ती म्हणायची. "हिरवं आपलं आणि काळं पडलेलं आपलं. मधलं पिवळंधमक उत्तरेकडचे खातात. मग आपण हिरवंही तळायला शिकावं आणि काळंही."

हा डाव तिच्याखेरीज एकालाच ठाऊक होता, प्रशिक्षक नोल्बेर्तोंना. किल्वियोलासुद्धा तिनं सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर बातमी गावभर झाली असती, आणि गावाची बातमी राजधानीत पोचायला कॉफी उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. तिनं त्याला एवढंच म्हटलं, "हिग्वेयला घर घेऊ नकोस. खोली घे." तो बॅग उचलून गेला. त्याची ती पाठ मात्र तिला अधूनमधून आठवायची, आणि आठवली की जेवण गोड लागायचं नाही.

बाकी सगळं तिच्या मनासारखं घडलं. हिग्वेय आपटला. शेवटचा सामना उरला तेव्हा पेलिकन चौथे होते, राजधानीचा आल्मिरान्ते संघ तिसरा, आणि दोघंही पुढच्या फेरीत पोचलेले. गाठ त्या दोघांचीच होती. पेलिकन हरले तर चौथेच राहणार. जिंकले तर तिसरे, आणि पहिली निवड राजधानीच्या घशात.

दुपारी नोल्बेर्तो तिच्या खोलीत येऊन बसले. सत्तरीला टेकलेला माणूस, टोपीखाली डोळे कायम अर्धे मिटलेले.

"अगं, आज काय करायचं?"

"दमलेल्यांना बसवा. राखीव पोरं खेळवा."

"हरायला सांगतेस?"

"हरायला सांगितलं तर माझे बाबा थडग्यातून उठून येतील. दमलेल्यांना बसवा एवढंच म्हणतेय. पोरं जिंकायलाच खेळतील."

"आणि जिंकली म्हणजे?"

"आल्मिरान्तेसमोर? नोल्बे, ते सगळे हुकमी खेळाडू उतरवणार. बाराओनाकडून हरलो असं वर्तमानपत्रात आलं तर त्यांच्या मालकाचा नाताळ कडू होईल."

हे तिनं अगदी बरोबर ओळखलं होतं. हरण्यात फायदा असतो, हे कळण्याइतके राजधानीवाले कधी गरीब झालेच नव्हते. ते पूर्ण ताकदीनं उतरले.

चूक झाली ती दुसरीकडे. बाराओनात राखीव पोराला दमलेल्याच्या जागी उभं केलं, की तो त्या रात्रीचा सामना जन्माचा सामना म्हणून खेळतो. त्याला कुणी नंबर समजावून सांगत नाही, आणि सांगितला तरी तो ऐकत नाही. नवव्या डावापर्यंत बरोबरी. शेवटच्या पाळीत येरेमीनं एक सरपटता फटका मारून पहिला बेस गाठला, पिचरची नजर चुकवून पळत दुसरा चोरला, कुणीतरी स्वतः बाद होऊन दिलेल्या बळीवर तिसरा गाठला. आल्मिरान्तेचा पिचर पाय उचलायला फार वेळ लावायचा. त्यानं पाय उचलला आणि हे पोर तिसऱ्या बेसवरून थेट घराकडे, म्हणजे जिथून निघालं त्या होम प्लेटकडे सुटलं. तसं कुणी करत नाही. करणाऱ्याला प्रशिक्षक घरी पाठवतात. धूळ खाली बसली तेव्हा पोराचा हात होम प्लेटवर होता आणि पंचाचे दोन्ही हात आडवे पसरलेले, म्हणजे धाव पक्की आणि सामना बाराओनाचा.

सगळं स्टेडियम उठलं. वरच्या खोलीत एरिदानियाचे पायही उठले, तिला विचारलंसुद्धा नाही. घसा बसेल इतकं ती ओरडली, शेजारच्या लेखनिकाला मिठी मारली, आणि त्या मिठीतच तिला आठवलं. खाली नोल्बेर्तो तिच्याकडे बघून दोन्ही हात वर करून उभे होते.

ती खाली गेली तेव्हा येरेमी धुळीनं माखून बाकावर बसला होता.

"बाई, काही चुकलं का माझं? प्रशिक्षक काहीच बोलले नाहीत. नुसते हसत सुटलेत."

"काही चुकलं नाही, बाळा. जा, जेवून घे."

"परत अशी संधी आली तर?"

एरिदानियानं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. खरचटून रक्त आलं होतं.

"तर परत पळ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजधानीतल्या एका हॉटेलात निवड व्हायची होती. सकाळीच आल्मिरान्तेची सूत्रं हलवणाऱ्या फाब्रिसियोचा फोन आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला आवाज असतो काहींचा, तसा त्याचा.

"एरिदानिया, अभिनंदन. काल रात्री झोपच आली नाही मला. विचार करत होतो, बाराओनानं राखीव पोरं का उतरवली? मग उजेड पडला. तू म्हाताऱ्याला हिग्वेयला हवापालटाला पाठवलं होतंस."

"तुला उजेड पडायला महिना लागला, फाब्रिसियो. तिकडे दिवे जातात वाटतं अजून?"

तो मनापासून हसला. "ऐक. पाळी बदलून घेता येते, नियमात आहे. माझी पहिली पाळी तू घे. तुझा किल्वियो तुला. मला ते पळणारं पोर दे."

"आणि नाही दिलं तर?"

"तर किल्वियोला मी उचलतो. मला तो नकोय, खरं सांगतो. पण तुझ्याकडे नसला म्हणजे मला पुरे. बारापर्यंत विचार कर."

विचार करायला ती मालकाकडे गेली. डॉन एरिबेर्तो मातोस ओसरीवर एकटेच डॉमिनो मांडून बसले होते, कारण वयामुळे जोडीचे तिघेही निघून गेले होते. मागचा चषक त्यांच्या पन्नाशीतला. त्यांनी सगळं ऐकलं.

"दे ते पोर," ते म्हणाले. "किल्वियो आला तर आपण जिंकतो. तूच म्हणालीस."

"जिंकण्याची शक्यता आहे म्हणाले."

"माझ्या वयात शक्यतेलाच जिंकणं म्हणतात. एरिदानिया, तुझ्याकडे पुढची दहा वर्षं आहेत. माझ्याकडे नाहीत."

तिला वाईट वाटलं, फार वाटलं. या माणसानं तिकीट खिडकीवरच्या मुलीला संघ चालवायला दिला होता, आणि तेव्हा सगळी राजधानी हसली होती. तिनं त्यांच्या समोरची सोंगटी उचलून जागेवर लावली.

"डॉन एरि, तुम्ही काल पाहिलंत ना त्याला?"

म्हातारा म्हणाला, "तो घराकडे सुटला तेव्हा मी छातीवर हात धरला. म्हटलं, मरतोय मी. मग कळलं, आनंद झालाय."

"तो आनंद मला फाब्रिसियोला द्यायचा नाही."

"गाव तुला खाईल."

"गावाला सवय झालीय माझ्या चवीची."

डॉन एरिबेर्तोंनी डॉमिनो ढवळून टाकले. "निर्णय तुझा. शिव्याही तुझ्याच. मला त्यातलं काही वाटून देऊ नकोस."

राजधानीच्या रस्त्यावर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ऊस, तिनं गाडी कडेला घेतली आणि किल्वियोला फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डाव काय होता, कसा फसला, फाब्रिसियो काय मागतोय, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्ही मला विकलं नव्हतं," किल्वियो म्हणाला.

"विकलं होतं. परत घेणार होते."

"हे मला आधी सांगता आलं असतं, बाई. इथं माझ्या खोलीला खिडकी नाही. रोज रात्री आढ्याकडे बघत पडायचो, की माझा हात गेला म्हणून दिलं, का माझं तोंड बघवेना म्हणून दिलं."

"सांगायला हवं होतं. चुकले मी. घाबरले होते."

"तुम्ही? घाबरलात?" तो हसला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. "काल मी सामना बघितला. इथल्या पोरांबरोबर. ते घराकडे सुटलं तेव्हा मी खुर्चीवरून पडलो. ते पोर देऊ नका."

"मग फाब्रिसियो तुला उचलेल."

"उचलू दे."

"किल्वियो, तुझा शेवटचा हंगाम आहे. तिकडे मोठं मैदान, टीव्ही, चषकही मिळेल कदाचित."

"बाई, गाडी चालवा. उशीर होईल."

हॉटेलात थंड हवा, गोड कॉफी आणि भिंतीवर सहा संघांचे झेंडे. फाब्रिसियो दारातच भेटला.

"मग? पोर?"

"पोर जेवतंय," एरिदानिया म्हणाली. "वाढीचं वय आहे."

"पस्तावशील."

"पस्तावेन तेव्हा तुला फोन करेन. उजेड पाडायला."

पहिलं नाव त्यानं तिच्याकडे बघतच घेतलं. "किल्वियो मेद्रानो." बाराओनाच्या रेडिओवाल्यानं मायक्रोफोन खाली ठेवून चक्क डोळे पुसले. एरिदानियानं आपली पाळी आली तेव्हा हिग्वेयचा एक डावखुरा पिचर घेतला, नीट, शांतपणे, आणि परतीच्या वाटेवर गाडीची काच खाली करून रेडिओ लावला. सगळ्या शिव्या तिनं ऐकल्या. एकदोन नवीन होत्या.

नाताळ झाला. डुकराचं मांस भाजून झालं, देणीघेणी, भांडणं, सगळं झालं. सव्वीस तारखेला दुपारी एरिदानिया स्टेडियमवर पोचली तर फाटकाबाहेर गर्दी. सामना नव्हता, नुसता सराव. तरी बायकापोरं कुंपणाला लटकलेली. तिला वाटलं, आता आपल्याला मारणार. पण कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

मैदानाच्या मधोमध, साध्या पँटमध्ये आणि आईनं शिवलेल्या शर्टात किल्वियो उभा होता. समोर बॅट घेऊन येरेमी. किल्वियो चेंडू टाकत होता, आणि प्रत्येक चेंडूनंतर पुढे येऊन पोराचा खांदा हातानं वळवत होता.

ती धावतच गेली. "तू इथं काय करतोयस? तुला आल्मिरान्तेकडे हजर व्हायचं होतं."

"नाही झालो. घरी जाणार म्हणून कळवलं."

"मग या फेरीत तुला कुणाकडूनच खेळता येणार नाही. आमच्याकडूनही नाही. नियम आहे."

"खेळता येणार नाही. सरावाला चेंडू टाकू नये असा नियम आहे? तुम्ही नियमांचा फार अभ्यास करता म्हणे, बघून सांगा."

शेवटचा हंगाम, मोठं मैदान, सगळं या माणसानं एका फोनवर सोडून दिलं होतं, आणि ती इतके दिवस त्याला युक्तीनं परत आणायच्या खटपटीत होती.

"माझ्यासाठी एवढं करायचं नव्हतंस," ती कशीबशी म्हणाली.

"तुमच्यासाठी कोण करतंय? फटका मारताना या पोराचा डावा खांदा आधी उघडतो. अमेरिकेत नेतील तेव्हा दोन महिन्यांत परत पाठवतील, तुम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. हे आत्ता झालं नाही तर कधी होणार?" मग पोराकडे वळून, "तू काय बघतोस? मोठी माणसं बोलतायत. बॅट उचल."

पोरानं बॅट उचलली. पुढचा चेंडू त्यानं असा मारला की उजव्या कुंपणावरून उडून रस्त्यापलीकडच्या पत्र्यावर आदळला, आणि कुंपणाला लटकलेल्या गावानं जो आवाज केला तो रेडिओवर जाहिरातींशिवाय गेला. नोल्बेर्तोंनी चक्क डोळे पूर्ण उघडले. एरिदानियाला त्या क्षणी पक्कं कळलं, की चषक या वर्षी आला तर ठीक, पुढच्या वर्षी आला तरी ठीक, पण तो आता वाटेला लागलाय.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडली. डोन्या ताटिकाच्या गाडीसमोर रांग होती. खांबावर संत अंतोनियो दोन पायांवर सरळ उभा होता, अजून थोडा गरगरल्यासारखा. एरिदानिया मान खाली घालून पुढं निघाली.

"कुठं चाललीस?" डोन्या ताटिका म्हणाली.

"मासा संपला असेल."

"माझ्या गाडीवर काय संपलं ते मी सांगते. बस."

तिनं केळ्याचे काप, त्यावर अख्खा मासा ठेवला आणि लिंबू पिळायला घेतलं.

एरिदानियानं ताट घेतलं. "डोन्या ताटिका, खरं सांगते. मी त्याला परत आणला नाही. माझा डाव फसला. तो आपला आपण आला."

"ठाऊक आहे मला. तुझ्या डावानं आला असता तर मासा विकत दिला असता." तिनं लिंबाची साल फेकली आणि परातीवर कपडा झाकला. "आणि त्या हडकुळ्याला बोलाव. एक पिचर पोसून झाला, आता हा पोसायचाय. त्याच्यासाठी दोन ठेवलेत."